डोमाजींचा रविवारचा रस्ता

डोमाजी मेश्राम दर रविवारी सकाळी आमच्या सेक्टरातले सगळे रस्ते चालून काढायचे. सगळे म्हणजे सगळे, आणि एकही रस्ता दुसऱ्यांदा नाही. मागून कोणी हाक मारली तर मान वळवून बघायचे, पण पाऊल मागे घ्यायचे नाहीत. एकदा वैशाखातल्या वावटळीने त्यांची टोपी उडवली आणि वीस पावलं मागे, माझ्या वर्गातल्या बलबीरच्या आईच्या कुंपणावर नेऊन टाकली. ती बिचारी ओरडली, "भाईसाब, आपकी टोपी!" डोमाजींनी जागच्या जागी हात जोडले आणि म्हणाले, "अगले इतवार को."

टोपी आठवडाभर कुंपणावर राहिली. तिच्यावर चिमण्या बसल्या. मी त्यांना विचारलं, की सोमवारी संध्याकाळी सहज जाऊन आणली असती तर काय बिघडलं असतं? त्यावर ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "सोमवारी त्या रस्त्यावर माझं का काम?"

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. डोमाजींना कुठेही जायला काम लागायचं. सहज म्हणून ते कुठे गेल्याचं मला आठवत नाही. दिवाळीला सगळा सेक्टर एकमेकांकडे फराळाची ताटं नेत असे, तेव्हा हे आपल्या दारात खुर्ची टाकून बसलेले असत. या म्हटलं, तर "येतो ना, काम पडलं की येतो" म्हणत आणि येत नसत.

तेव्हा भिलाईचा प्लांट बांधला जात होता आणि आमचं गावही. आज जिथे माती आहे तिथे महिन्याभराने क्वार्टरांची रांग उभी राहायची. क्वार्टर सगळे एका साच्यातले. तोच ओटा, तीच खिडकी, तोच पत्रा. माझे बाबा कोक ओव्हनला होते. सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, करून सकाळी आले आणि तेलुगू शेजाऱ्याच्या खाटेवर जाऊन झोपले, असं पहिल्या वर्षात दोनदा झालं. शेजारी भला माणूस, त्याने उठवलं नाही. चहा झाल्यावर घरी पाठवलं.

डोमाजी सर्व्हेत होते. दुर्बिणीतून बघायचे ते साहेब. दुसऱ्या टोकाला उन्हात उभं राहून टेप धरायचे ते डोमाजी. सेक्टरातला एकेक रस्ता त्यांच्या हातातल्या टेपने मोजला गेला होता. शिक्षण चौथी. पण त्या चौथीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं पाठ. कोणी "सात औट?", म्हणजे सात साडेतीन किती, असं म्हटलं, की यांच्या तोंडून "साडेचोवीस" आपोआप पडायचं. पण भिलाईत असं विचारणारं कोण होतं? चारी मुलखांतली माणसं आलेली, प्रत्येकाचे पाढे वेगळे. म्हणून की काय, त्यांनी आमच्या शाळेत जाऊन हेडमास्तरांकडून शनिवारची दुपार आणि मागचा व्हरांडा मागून घेतला आणि गणित मंडळ काढलं. हेडमास्तरांनाही बरं वाटलं असावं. शनिवारी दुपारी पोट्टी कुठे गुंतली तर त्यांना हवीच होती.

मी त्या मंडळातली एकुलती एक मुलगी. वय बारा. हुशार होते आणि ते मला माहीत होतं. यापेक्षा वाईट जोडी नाही.

मंडळाच्या स्पर्धाही डोमाजींसारख्याच. घमेलंभर गिट्टी ओतायची आणि खडे किती ते अंदाजाने सांगायचं. मग सगळ्यांनी मिळून खरंच मोजायचे. पाढे म्हणायची शर्यत, पण ज्याने त्याने आपल्या भाषेत. तेलुगू पाढा बरोबर की चूक हे डोमाजींना काय कळणार? ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "लय नाही तुटली. बरोबर आहे." बक्षीस म्हणजे सर्व्हेतली एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी असलेली पेन्सिल. आणि गुण द्यायचे ते एकच, "पैकी पैकी." किती पैकी किती, ते कधी सांगितलं नाही.

एकदा त्यांनी सावलीवरून प्लांटच्या चिमणीची उंची काढायला लावली. लांबून दिसणारी चिमणी, तिच्या सावलीपर्यंत आम्हाला कोण जाऊ देणार? पण डोमाजींनी गेटवरच्या शिपायाला पटवलं. एक गट या शनिवारी गेला, दुसरा तीन शनिवारांनी. दोघांची उत्तरं वेगळी आली. बलबीर दुसऱ्या गटात, मी पहिल्या. आमची अशी जुंपली, की त्याने माझी पाटी आपटली. डोमाजींनी दोन्ही गणितं दोनदा तपासली, कपाळाला हात लावला आणि हसत सुटले. दोन्ही बरोबर होती. मधल्या तीन आठवड्यांत चिमणी वाढली होती.

"या गावात मोजलेली वस्तू गप उभी नाही राहत," ते म्हणाले. "पैकी पैकी, दोघांले बी."

रविवारच्या रस्त्याचं खूळही असंच आलेलं. कामावर चहाच्या सुट्टीत एका बंगाली ओव्हरसियरने त्यांना रेतीत नदी आणि पूल काढून दाखवले होते. सगळ्या पुलांवरून एकेकदाच जायचं, जमत असेल तर करून दाखव म्हणाला. डोमाजी आठ दिवस जेवणावरून उठून रेती शोधत. नवव्या दिवशी त्यांना कळलं, की हे जमणारच नाही, आणि का जमणार नाही तेही कळलं. ते त्यांनी आम्हाला व्हरांड्याच्या फरशीवर खडूने शिकवलं.

"चौकात रस्ते किती फुटतात ते मोजा," ते म्हणत. "जोडीजोडीनं असले, तर एकानं आलं की दुसऱ्यानं निघता येते. एखादा रस्ता एकटा राहिला, त्याले जोडी नाही, तर मग त्या चौकात एक तर सुरुवात, नाहीतर शेवट. तिसरी गोष्ट नाही. समजलं का?"

आमच्या सेक्टरात असे बिनजोडीचे कोपरे दोनच होते. दोन्हींकडे तीन तीन रस्ते. एक डोमाजींच्या क्वार्टरचा, दुसरा आमच्या क्वार्टरचा. बाकी सगळीकडे दोन, नाहीतर चार. बलबीरने आपल्या घरून निघून बघितलं. दुपारी एकपर्यंत उन्हात फिरला, एक रस्ता उरला तो उरलाच, आणि पोरगं रडकुंडीला आलं. सगळे रस्ते एकेकदाच चालायचे तर डोमाजींच्या दारातून निघावं लागे, आणि काहीही केलं, कुठूनही वळलं, तरी शेवट आमच्या दारात होई.

म्हणून दर रविवारी बाराच्या सुमाराला फाटकाची कडी वाजायची. बाहेर डोमाजी, कॅनव्हासचे बूट धुळीने लाल, हातात टोपी.

"वयनी, रस्ता संपला."

"या भाऊजी. हातपाय धुवा," आई म्हणायची.

"जेवायची वेळ झाली का? मले तं पत्ताच नाही. गणितच तसं आहे, मी का करू?"

हे दर रविवारी. आईसुद्धा दर रविवारी तितक्याच गंभीरपणे "हाव, झाली ना" म्हणायची आणि चौथं ताट घ्यायची, जे सकाळपासून पुसून ठेवलेलं असायचं. रविवारी आमच्याकडे गोळाभात नाहीतर पाटवड्यांचा रस्सा. डोमाजी मन लावून जेवत. पण वाढणं एकदाच. आई दुसऱ्यांदा भात घेऊन आली, की ते ताटावर हात आडवा धरत. "नाही वयनी. एकदा झालेला रस्ता पुन्हा नाही." जेवल्यावर बाबांशी दोन शब्द, मला एक औटकीचा प्रश्न, आणि निघाले. परत जाताना मोजणी नसायची. ते जाणं त्यांच्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

मला वाटायचं, काय विक्षिप्त माणूस आहे. आईला काय वाटायचं ते तिने एकदाच सांगितलं. डोमाजींनी फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांची बायको वैनगंगेकाठच्या गावी होती. नंबर लागेपर्यंत दोन पावसाळे गेले. चावी हातात आली त्याच्या महिनाभर आधी ती तापाने गेली. क्वार्टर मात्र मिळालं, दोन खोल्यांचं. "दुसऱ्या खोलीत जात नाही म्हणते तो," आई म्हणाली. "विचारलं तं म्हणे, तिथं माझं का काम?" मी तेव्हा हसले होते. बारा वर्षांची होते, एवढंच म्हणते.

मग मैदानाचा रस्ता झाला. डोमाजींची रांग आणि आमची रांग यांच्यामध्ये मोकळं मैदान होतं, पायाच्या खोदाईची माती टाकून टाकून उंचसखल झालेलं. त्याच्या एका अंगाने नवा रस्ता काढला, सरळ त्यांच्या कोपऱ्यापासून आमच्या कोपऱ्यापर्यंत. त्याचा टेपसुद्धा डोमाजींनीच धरला. मी शाळेतून येताना बघितलं होतं. साहेब लांबून हात हलवत होता, आणि डोमाजी आमच्या फाटकाजवळ टेपचं टोक धरून असे उभे होते, की मी दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

डांबर पडलं, पावसाळा संपला, दसरा झाला, तरी रविवारी आमच्या फाटकाची कडी वाजतच राहिली. मंडळाची वार्षिक स्पर्धा आली. त्या दिवशी हेडमास्तर येऊन बसत, काही पालक येत. शेवटचा प्रश्न ठरलेला, सेक्टरच्या नकाशाचा: कुठून निघायचं, कुठे पोचायचं आणि का. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. डोमाजींनी फळ्यावर नकाशा काढला, खडू ठेवला, हात झटकले.

नकाशात नवा रस्ता नव्हता.

आज मला वाटतं, त्या व्हरांड्यात ते माझ्याखेरीज आणखी चार जणांनी तरी पाहिलं असेल. बलबीरने पाहिलं होतं. त्याने मला नंतर सांगितलं. पण तो गप्प बसला. मी हुशार होते, म्हणून मी हात वर केला.

"एक रस्ता राहिला."

"कोणता?" डोमाजी फळ्याकडे बघतच म्हणाले.

"मैदानाचा. तुम्हीच तर मोजला."

डोमाजींनी मग खडू उचलला आणि रेघ काढली. इतकी सावकाश काढली, की खडूची कुरकुर सगळ्यांना ऐकू आली. मी उठून फळ्याजवळ गेले आणि भाषण दिल्यासारखं सांगितलं: आता त्या दोन्ही कोपऱ्यांना चार चार रस्ते झाले. सगळीकडे जोड्या लागल्या. आता कुठूनही निघा, सगळे रस्ते चालून माणूस जिथून निघाला तिथेच परत येणार. डोमाजी त्यांच्या दारातून निघाले तर त्यांच्याच दारात पोचणार.

हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. डोमाजींनी लाल-निळी पेन्सिल माझ्या हातात दिली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पैकी पैकी." मी ती पेन्सिल घरी येईपर्यंत कानावर खोचून आले.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईने चौथं ताट पुसून ठेवलं होतं. बारा वाजले, साडेबारा झाले. गोळाभात निवला. बाबा म्हणाले, तब्येत बिघडली की काय, बघून येतो. अर्ध्या तासाने एकटेच परतले.

"तब्येत ठीक आहे त्याची. दारात बसून आहे. मी म्हटलं चाल जेवायले, तं म्हणते, भाऊ, आता माझा रस्ता माझ्याच दारात संपते. गणितच तसं आहे." बाबा बूट काढता काढता थांबले. "मी लई आग्रह केला. म्हणते, तुमच्याकडं माझं का काम?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी अजून पेन्सिलीच्या ऐटीत होते; मी सांगून टाकलं, की हे उत्तर माझंच आहे आणि हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. आईने चौथं ताट उचलून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "कुसमे, तुले गणित येते. बाकी काही येत नाही." असं ती मला कधी बोलली नव्हती. मी मागच्या खोलीत जाऊन रडले, आणि रडता रडता मला सगळं समजलं. समजून उपयोग काय होता? चूक उत्तर असतं तर पुसता आलं असतं.

चार-पाच रविवार असेच गेले. शनिवारी ते मंडळात येत, गिट्टी मोजून घेत, पाढे ऐकत. माझ्यावर राग दिसला नाही. उलट मला एकदा औटकी विचारली. बाबांनी आणखी दोनदा बोलावून पाहिलं, आईने डबा पाठवला. डबा रिकामा, घासून लखलखीत होऊन परत आला. माणूस आला नाही.

एका सकाळी आई मागच्या कुंपणावरच्या वालाच्या शेंगा तोडायला गेली आणि तिने मला हाक मारली. आवाज वेगळा होता म्हणून मी धावतच गेले. ती शेंगा तोडत नव्हती, कुंपणापलीकडे बघत उभी होती.

पावसाळ्यानंतर मैदानात गवत माजलं होतं, माझ्या गुडघ्याएवढं. त्या गवतातून एक पायवाट आली होती. मातीच्या ढिगांना वळसा घालत, डोमाजींच्या क्वार्टरच्या मागच्या दारापासून थेट आमच्या कुंपणापर्यंत. मधलं गवत पार मेलेलं, माती उघडी पडलेली. कुंपणाला येऊन वाट संपत होती, आणि संपते तिथे हातभर जागा गोल तुडवलेली होती. कॅनव्हासच्या बुटांचे ठसे येणारे होते, जाणारेही होते.

त्या जागेसमोर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. मी जाऊन तिथे उभी राहिले. आत बाबा आंघोळीला पाणी मागत होते. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. संध्याकाळी मी त्या स्वयंपाकघरातच बसून पाढे म्हणायची, आई भाकरी थापायची. पुढच्या डांबरी रस्त्याने ते आले असते तर दहा जणांनी विचारलं असतं, कुठे निघालात डोमाजी? मागून कोण विचारणार होतं? रोज संध्याकाळी हा माणूस इथपर्यंत येत होता, उभा राहत होता, आणि काही काम नाही म्हणून परत जात होता.

आईने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "ह्याले रस्ता म्हणते का गं तुमच्या गणितात?"

म्हणत होते. मंडळाच्या पहिल्याच महिन्यात बलबीरने विचारलं होतं, की रस्ता म्हणजे डांबराचाच का. डोमाजींनी तेव्हा नियम सांगितला होता: डांबर असो की माती, माणसाच्या पायाने जिथे गवत उगवत नाही तो रस्ता. मी आईला तो नियम सांगितला. ती आत गेली आणि बाबांची पक्कड घेऊन आली. बाबा ओलेत्याने बाहेर येऊन "का करून राहिली?" विचारेपर्यंत तिने दोन तारा तोडल्या होत्या. तिसरी त्यांनी तोडली.

शनिवारी मंडळ भरायच्या आधी मी फळ्यावर सेक्टरचा नकाशा काढला. नवा रस्ता काढला. मग मैदानातून एक वाकडीतिकडी रेघ काढली, त्यांच्या कोपऱ्यापासून आमच्या कोपऱ्यापर्यंत. डोमाजी आले आणि फळ्यासमोर थांबले.

"हे का आहे?"

"रस्ता," मी म्हटलं. "त्यावर गवत उगवत नाही. आम्ही बघितलं. कुंपणापाशी अडत होता, आता अडत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा करून ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी बोटाने एक कोपरा मोजला. पाच रस्ते. दुसरा मोजला. पाच.

"निघायचं कुठून?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या दारातून."

"अन् शेवट?"

"आमच्या घरी. दुसरीकडे होतच नाही."

"बरोबर आहे," डोमाजी म्हणाले. पैकी पैकी म्हणायचं त्या दिवशी राहून गेलं.

रविवारी मी सकाळपासून मागच्या कुंपणाशी बसले होते. बाराच्या आत ते नव्या रस्त्याने आपल्या कोपऱ्यावर पोचलेले दिसले. सगळे डांबरी रस्ते संपले होते. ते आपल्या दारासमोर आले, पण थांबले नाहीत. क्वार्टरला वळसा घालून गवतात शिरले आणि त्या वाटेने येऊ लागले. तुडवलेल्या जागेपाशी सवयीने पाऊल अडखळलं. मग वाकून, टोपी हातात धरून, ते तारांमधून आत आले.

"वयनी, रस्ता संपला," त्यांनी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभं राहून सांगितलं.

"हातपाय धुवा भाऊजी," आई म्हणाली.

जेवायची वेळ झाली का, ते त्यांनी विचारलं नाही. आम्ही चौघं जेवायला बसलो. भात संपत आला तशी आई पातेलं घेऊन त्यांच्यासमोर वाकली. ते ताटावर हात आडवा धरतील म्हणून मी बघत राहिले. डोमाजींनी खाली मान घालून ताट थोडं पुढे सरकवलं.